गच्चीवरची टाकी आणि तीन किलोवॉटचा संच

प्रकरण पुण्यातल्या सहकारनगरचं आहे. ऐंशीच्या दशकात बांधलेला एकमजली बंगला. खाली सत्तरीला आलेले काका-काकू, वर मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. २०२४ च्या एप्रिलमध्ये गच्चीवर सौरसंच बसला, उन्हाळाभर उत्तम चालला, आणि डिसेंबरात वीजनिर्मिती एकदम घसरली. आकाश निरभ्र, पॅनल नवीकोरी, इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्रावर, एकही बिघाडाचा संदेश नाही, तरी युनिटं कमी. काका माझ्या वडिलांचे जुने स्नेही आणि मी विजेच्या कामातला, म्हणून त्यांनी मला बोलावलं. कारण काय निघालं, कोणते मार्ग समोर होते, त्यातला कोणता का निवडला आणि वर्षभरानंतर काय हाती आलं, ते इथे मोजमापांसह लिहितो आहे. पुण्यात गच्चीवर पॅनल बसवू पाहणाऱ्या बहुतेक घरांना यातलं काही ना काही लागू पडेल.

घर, बिल आणि निर्णय

घराचा वापर महिन्याला सरासरी ४३० युनिटांचा. दोन एसी, दोन गीझर, एक जुना फ्रिज. एप्रिल-मेमध्ये आकडा ५०० च्या पुढे जायचा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्याच्या वर असे टप्पे आहेत, आणि तिसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्या टप्प्यातल्या युनिटाच्या दुपटीहून महाग पडतं. सौरसंच बसला की बिलातून आधी ही वरची महागडी युनिटं जातात. त्यामुळे पहिला किलोवॉट सगळ्यात जास्त वाचवतो, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी. घराच्या सगळ्या वापराएवढा संच बसवायचा आग्रह विक्रेते धरतात, पण हिशेब तसा चालत नाही.

त्यातच फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर: मोफत वीज योजना' आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. संच याहून मोठा केला तरी अनुदान वाढत नाही. आपल्याकडे एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिटं देतो आणि सुमारे १० चौरस मीटर बिनसावलीची जागा घेतो असं धरलं जातं. तीन किलोवॉटचे महिन्याला ३६० युनिट. काकांनी तीनच किलोवॉट घ्यायचं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. ५५० वॉटची सहा पॅनल, म्हणजे प्रत्यक्षात ३.३ किलोवॉट. अनुदानासाठी पॅनल आणि त्याच्या आतले वीज तयार करणारे सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, तसेच घेतले. खर्च साधारण दोन लाख, अनुदान वजा जाता सव्वा लाखाच्या आत. महिन्याला पाच-साडेपाच हजारांचं बिल भरणाऱ्या घराला ही रक्कम अडीच-तीन वर्षांत परत मिळते.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी आता लागत नाही. घेतलेल्या आणि बाहेर दिलेल्या विजेची वजाबाकी ठेवणारा नेट मीटर बसला, अनुदान खात्यात आलं. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण, गांडूळखत अशा प्रकल्पांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. काकूंचा गांडूळखताचा खड्डा आधीपासून होताच, त्यामुळे तोही अर्ज झाला.

एकच गोष्ट काकूंना कुणी आधी सांगितली नव्हती. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, घरात अंधार. त्या म्हणाल्या, "वर एवढी पॅनल आहेत, मग पंखा का नाही फिरत?" बॅटरी नसलेला संच बाहेरच्या विजेशी जोडलेला असतो. बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. हे समजल्यावर त्यांची तक्रार संपली. पण हे सही करण्याआधी सांगायला हवं होतं.

गच्चीची मांडणी

गच्ची पूर्व-पश्चिम नऊ मीटर, दक्षिणोत्तर बारा मीटर. दक्षिणेच्या कठड्याला लागून जिन्याची खोली, उंची २.७ मीटर. तिच्या डोक्यावर विटांच्या छोट्या ओट्यावर १,००० लिटरची काळी टाकी. टाकीचं झाकण गच्चीच्या जमिनीपासून ४.२ मीटरवर. जिन्याच्या खोलीपासून अडीच मीटर सोडून तिच्या उत्तरेला पॅनलच्या दोन रांगा, प्रत्येकी तीन, तोंड दक्षिणेला, कल पंधरा अंशांचा. गच्चीचा पूर्वेकडचा पट्टा मोकळा ठेवलेला, कारण तिथे काकूंचं वाळवण असतं. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे, आणि मसाल्याच्या मिरच्या. ती जागा द्यायला त्या तयार नव्हत्या, आणि घरातल्या माणसाच्या वापराची जागा पॅनलसाठी हिसकावून घ्यावी असं मलाही वाटत नाही.

विक्रेत्याचा माणूस एप्रिलमध्ये पाहणीला आला होता. दुपारी उभं राहून त्याने सावल्या पाहिल्या. जिन्याच्या खोलीची आणि टाकीची सावली पूर्वेला, कठड्याकडे पडलेली. उत्तरेची सगळी जागा स्वच्छ उन्हात. त्याने तिथे खुणा केल्या. त्या दिवशी जे दिसत होतं त्यात काहीच खोटं नव्हतं.

डिसेंबर

मे महिन्यात संच दिवसाला पंधरा युनिटं देत होता. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे सात ते नऊ, हे अपेक्षितच. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा तेरा-चौदा. नोव्हेंबरपासून आकडा खाली यायला लागला आणि डिसेंबरात साडेआठावर स्थिरावला. पुण्यात डिसेंबरची हवा कोरडी आणि आकाश मोकळं असतं, शिवाय थंडीत पॅनल जास्त चांगली चालतात. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्का घट होते. मेच्या तापलेल्या पॅनलपेक्षा डिसेंबरचं पॅनल या बाबतीत फायद्यात असतं. दिवस लहान असला तरी एवढ्या संचाने बारा-तेरा युनिटं द्यायलाच हवीत. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा कुठेतरी जात होता.

विक्रेता म्हणाला, धूळ. सगळीकडे बांधकामं चालू आहेत, तळजाईच्या बाजूने वारा येतो, कबुतरंही आहेत, तेव्हा धूळ होतीच. मुलाने रविवारी सकाळी पॅनल धुतली. फरक पडला तो अर्ध्या युनिटाचा.

मग मी इन्व्हर्टरच्या अॅपवरचे रोजचे आलेख उघडून बसलो. ज्यांच्या घरी संच आहे त्यांनी एवढं तरी पाहायला शिकावं, कारण बिघाडाचा प्रकार आलेखाच्या आकारातच दिसतो. निरभ्र दिवशी निर्मितीची रेघ सकाळी हळूहळू चढते, दुपारी साडेबाराच्या सुमाराला माथ्यावर जाते आणि तशीच उतरते. ढगाळ दिवशी ती करवतीसारखी वेडीवाकडी होते. धूळ असेल तर पूर्ण रेघ सारख्या प्रमाणात खाली बसते, पण आकार तोच राहतो. इथे तसं नव्हतं. रेघ सकाळी उशिरा उठायची, मध्ये एक पायरी, माथ्याजवळ सपाट तुकडा, आणि पावणेतीननंतर पुन्हा एक पायरी. मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, त्याच वेळेला तीच पायरी. घड्याळ लावून येणारी घट सावलीचीच असते.

खडूच्या रेघा

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी नातीचा खडू घेऊन गच्चीवर गेलो. दर तासाला सावलीची कड जमिनीवर आणि पॅनलच्या खांबांवर आखायची आणि शेजारी वेळ लिहायची, एवढंच काम. काका खुर्ची टाकून बसले, अॅपवरचा आकडा वाचून सांगत.

नऊ वाजता जिन्याच्या खोलीची सावली वायव्येकडे लांबलचक पडलेली, पहिल्या रांगेच्या पश्चिमेकडच्या पॅनलचा बराचसा भाग तिच्यात. दहा वाजता खोलीची सावली मागे सरली, पण तिची कड अजून पॅनलच्या खालच्या काठावर, आणि टाकीची गोल सावली वेगळी होऊन त्याच पॅनलवर चढलेली. साडेबाराला खोलीची सावली पहिल्या रांगेच्या अलीकडे थांबली, टाकीची मात्र बरोबर मधल्या पॅनलवर. दोन वाजता ती पूर्वेकडच्या पॅनलवर. जेमतेम सव्वा मीटर रुंदीची ती टाकी दिवसभरात पहिल्या रांगेतल्या एकेका पॅनलवरून फिरत होती. काका आकडा वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "अरे, ही टाकी मी स्वतः वर चढवून घेतली. वरच्या बाथरूमला पाण्याचा जोर येत नव्हता म्हणून."

एवढ्याशा सावलीने एवढं नुकसान का, हा प्रश्न मुलाने विचारला, आणि तो रास्त होता. सहाही पॅनल एकामागे एक, एकाच माळेत जोडलेली. माळेतून सगळीकडे एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे सावलीतलं पॅनल बाकीच्यांचाही प्रवाह रोखतं. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक पॅनलमध्ये तीन बायपास डायोड असतात आणि ते सावलीतला हिस्सा ओलांडून प्रवाह पुढे नेतात. पण ओलांडलेल्या हिस्स्याचं व्होल्टेज जातं. एका पॅनलचे साधारण ४१ व्होल्ट, सहांचे मिळून २५० च्या आसपास. दोन पॅनल गळली की १६५. कोणत्या व्होल्टेजला सगळ्यात जास्त वीज मिळते तो बिंदू इन्व्हर्टरला मग नव्याने शोधावा लागतो, आणि अशा वेळी तो अनेकदा कमी वीज देणाऱ्याच एका बिंदूवर अडकून बसतो. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये यासाठी सावली शोधण्याची सोय असते, ती चालू करावी लागते. इथे ती बंद होती. मुलाने विक्रेत्याशी फोनवर बोलून ती चालू करून घेतली आणि दिवसाला पाऊण-एक युनिट वाढलं. फुकट.

एप्रिलमध्ये ती सावली का दिसली नाही

पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो आपल्या किंचित उत्तरेला असतो. जूनमध्ये दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. एप्रिलमध्येही सूर्य इतका वर असतो की दुपारी सावल्या आखूड होतात आणि चार वाजता त्या जवळजवळ सरळ पूर्वेला जातात. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी फक्त ४८ अंशांवर असतो. सावली उंचीच्या नऊ दशांश लांब होते आणि उत्तरेला जाते. सकाळी नऊला आणि दुपारी चारला तर ती उंचीच्या सव्वादोन पट. म्हणजे ४.२ मीटरच्या टाकीची सावली साडेबाराला पावणेचार मीटर आणि चार वाजता नऊ मीटरहून जास्त.

म्हणून पुण्यात गच्चीची पाहणी कोणत्याही महिन्यात होवो, प्रश्न डिसेंबरचा विचारायचा. त्यासाठी डिसेंबरपर्यंत थांबायची गरज नाही. दक्षिण, आग्नेय आणि नैर्ऋत्य या बाजूंना जे काही उंच आहे, टाकी, जिन्याची खोली, नारळ, मोबाइलचा टॉवर, शेजारची इमारत, त्याची पॅनलच्या पातळीपासूनची उंची मोजायची आणि निदान तेवढं अंतर मध्ये मोकळं आहे का ते पाहायचं. सकाळ-संध्याकाळचं ऊनही हवं असेल तर उंचीच्या दीडपट. उत्तरेला काही का असेना, हिवाळ्यात त्याचा उपद्रव नाही.

मार्ग

विक्रेत्याने सुचवलं की संपूर्ण सांगाडा आठ फूट उंच करू, खालून वावरताही येईल. भूमितीच्या दृष्टीने उपाय चोख होता. पॅनल वर गेली की टाकीची त्यांच्यावरची उंची दोन मीटरच्या आत येते आणि सावली पहिल्या रांगेपर्यंत पोचत नाही. पण उंच सांगाड्याला वळवाच्या वाऱ्याचा मार जास्त, त्याला जाड पोलाद आणि भक्कम पाया लागतो, आणि चाळीस वर्षांच्या स्लॅबवर तो भार टाकायचा तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला हवा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनच वर्षांपूर्वी केलेलं, तिथे बोल्टसाठी भोकं पाडायची काकांची तयारी नव्हती. दुसरा मार्ग प्रत्येक पॅनलला ऑप्टिमायझर किंवा मायक्रो-इन्व्हर्टर, म्हणजे त्या एका पॅनलची वीज स्वतंत्रपणे हाताळणारं छोटं यंत्र, लावायचा. त्याने सावलीतलं पॅनल बाकीच्यांना खाली ओढत नाही, पण सावलीतल्या पॅनलवर ऊन काही येत नाही. ज्या गच्चीवर सावली हलवणं अशक्य आहे तिथे हे घ्यावं. इथे सावली पाडणारी वस्तू एक टाकी होती.

मग टाकीच हलवायची ठरली. गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात, सहा फुटी लोखंडी स्टँडवर. तिथून हिवाळ्यातली तिची सावली उत्तरेला, कठड्याबाहेर पडते. काकूंचा आक्षेप एकच होता, वरच्या बाथरूममधल्या पाण्याचा जोर. टाकीचा तळ जवळपास एक मीटर खाली येणार होता, तेव्हा आक्षेप खरा होता. प्लंबरने वरच्या मजल्याची नळी अर्ध्या इंचाची काढून पाऊण इंचाची टाकली आणि शॉवरला एक छोटा प्रेशर पंप बसवला.

आणि टाकी हलल्यावर जी जागा रिकामी झाली ती गच्चीवरची सगळ्यात उंच आणि सगळ्यात बिनसावलीची जागा होती, जिन्याच्या खोलीचं छप्पर. पहिल्या रांगेतली तिन्ही पॅनल उचलून तिथे नेली. कल आणि दिशा तीच ठेवल्यामुळे माळ तोडावी लागली नाही. दुसरी रांग जिन्याच्या खोलीपासून पाच मीटरांहून लांब असल्याने तिच्यावर नऊ वाजताही सावली येत नाही, हे खडूच्या रेघांवरून आधीच पक्कं झालं होतं. छपरावर वारा जास्त लागतो म्हणून गॅल्व्हनाइज्ड सांगाडा, काँक्रीटचे ठोकळे आणि कडेच्या भिंतींना पट्ट्या असं तिहेरी बांधून घेतलं. अर्थिंगच्या पट्ट्या नव्याने जोडून त्यांची मोजणी करून घेतली. हे काम विक्रेत्याकडूनच आणि लेखी करून घेतलं, कारण बाहेरच्या माणसाने सांगाड्याला हात लावला तर हमीवरून वाद होतात.

एका मुद्द्यावर मी अडून बसलो. छपरावर जायला नुसती भिंतीला टेकवलेली शिडी होती, आणि काका दर आठवड्याला पॅनल पुसायला चढणार हे मला ठाऊक होतं. कठडा असलेली पक्की शिडी बसवून घेतली, आणि पॅनल धुण्यासाठी खालून नळ सोडला की पाणी उडेल अशी पाइपची जोडणी केली. तिला बोअरचं पाणी द्यायचं नाही. त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि निघत नाहीत. धुणं सकाळी, ऊन चढण्याआधी. काकांनी वर चढायचं नाही, हे सुनेने सर्वांसमोर कबूल करून घेतलं.

वर्षभरानंतर, आणि शेजारचा प्लॉट

२०२५ च्या जानेवारीत काम झालं. त्याच महिन्यात आकडा बारावर गेला. पुढच्या डिसेंबरात निरभ्र दिवशी बारा ते साडेबारा युनिटं मिळाली आणि आलेखातल्या पायऱ्या गेल्या. बिल शून्य येत नाही, कारण स्थिर आकार भरावाच लागतो, पण वापराची युनिटं बहुतेक महिने पहिल्या टप्प्यात राहतात. नेट मीटरमध्ये जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात नेता येतात, मात्र ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो आणि उरलेल्या युनिटांना विकतच्या विजेच्या मानाने फार कमी दर मिळतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये युनिटं साठत असतील तर इस्त्री, धुणं, पाण्याचा पंप दिवसा चालवून ती वापरून टाकावीत. काकूंनी हे इतकं मनावर घेतलं आहे की पिठाची घरगुती चक्कीसुद्धा आता दुपारी बाराला लागते.

एक प्रश्न मात्र पुढे उभा आहे. दक्षिणेकडच्या जुन्या तीनमजली सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे, तिथे अकरा मजले होणार. सहकारनगर असो, कोथरूड असो की एरंडवणे, ही गोष्ट आता गल्लोगल्ली आहे. अकरा मजले म्हणजे सुमारे ३५ मीटर. बंगल्याची उंची वजा केली तरी डिसेंबरातल्या दुपारी तिची सावली काकांच्या सगळ्या गच्चीवर पडेल. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार प्रकाशाचा हक्क सांगायला सलग वीस वर्षांचा उपभोग लागतो, आणि तोही इमारतीत येणाऱ्या प्रकाशाबद्दल. वर्षा-दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या पॅनलसाठी तो मार्ग नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. एकीकडे सरकार घरोघरी पॅनल बसवायला पैसे देतं, आणि दुसरीकडे त्या पॅनलवरच्या उन्हाचा विचार शेजारच्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना कुणी करत नाही.

तरीही हिशेब करून पाहिला तेव्हा चित्र वाटलं तेवढं वाईट निघालं नाही. दक्षिणेकडची इमारत मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारीतलं दुपारचं ऊन खाते. मार्च ते सप्टेंबर सूर्य एवढा वर असतो की दुपारी तिचा उपद्रव फारसा नाही, आणि घराचा जास्तीत जास्त वापर एप्रिल-मेमध्येच असतो. इमारत उभी राहायला तीन-चार वर्षं लागतील, तोपर्यंत संचाचे पैसे वसूल झालेले असतील. उंच सांगाड्यावर आणखी खर्च न करण्यामागे हेही एक कारण होतं. सावली यायला लागली की छपरावरची तीन पॅनल उत्तरेकडे, टाकीच्या बाजूला आणता येतील, कारण इमारतीपासून जितकं लांब तितके दुपारच्या उन्हाचे दिवस जास्त. सगळे जोड बोल्टचे ठेवले आहेत, वेल्डिंग कुठेच केलेलं नाही. नव्या इमारतीचा नकाशा आला की तिची उंची आणि मधलं अंतर घेऊन महिन्यावार सावलीचा तक्ता करून द्यायचं मी काकांना सांगितलं आहे.